बियांचं पाकीट नको, अडीच गुंठे हवेत

पावसाळा तोंडावर आला की आपल्या बचत गटांकडे बियांची पाकिटं येऊ लागतात. कधी सरकारी खात्याकडून, कधी एखाद्या कारखान्याच्या सामाजिक कामाच्या निधीतून. पाकिटात मेथी, पालक, भेंडी, दोडका, भोपळा असं पाच-सात प्रकारचं बी असतं. सोबत एक घडीपत्रक असतं. त्यावर डोक्यावर पदर घेतलेली हसरी बाई, तिच्या हातात भाजीची टोपली, आणि खाली मजकूर असा की, बाईनं मनावर घेतलं तर घराला बारा महिने भाजी आणि फळं अंगणातच मिळतील. वाटप होतं, फोटो निघतो, गाडी निघून जाते.

माझं भांडण परसबागेशी नाही. माझं भांडण त्या 'बाईनं मनावर घेतलं तर' या चार शब्दांशी आहे. घरातल्यांना पुरेसा भाजीपाला मिळत नाही याचं कारण बाईनं मनावर घेतलं नाही हे आहे, असं त्यातून गुपचूप सांगितलं जातं. जमिनीचं नाव नाही, पाण्याचं नाव नाही, वेळेचं तर नाहीच नाही. मैत्रिणींनो, म्हणून या लेखात आपण आधी हिशोब मांडू आणि मग विचारू की, मनावर नेमकं कुणी घ्यायचं आहे.

ताटाचा हिशोब

प्रश्न खरा आहे, हे प्रथम कबूल करू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. म्हणजे लाल गोळ्या वाटल्या, शिबिरं भरवली, आणि आकडा वर गेला. रेशनवर १ जानेवारी २०२३ पासून धान्य फुकट झालं, माणशी महिन्याला पाच किलो. पण रेशनच्या पिशवीत भाजीची काडी नसते, फळाची फोड नसते. पोट भरतं, रक्त भरत नाही. त्यात भाजी महागली की ती पहिल्यांदा कुणाच्या ताटातून उतरते, हे तुम्हा-आम्हाला कुणी सांगायला नको.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शिका काढली. मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं हवीत, असं ती सांगते. पाच माणसांचं घर धरलं तर रोजचे अडीच किलो. वर्षाचे ९१२ किलो. मुलं लहान असतील तर थोडं कमी धरा. तरी आठ-नऊशे किलो माल एका बाईच्या 'अंगणातून' निघायचा आहे.

त्याला जागा किती लागते? पाच माणसांच्या पोषणबागेसाठी शेतीखात्याच्या आणि कृषी विद्यापीठांच्या शिफारशी साधारण २०० ते २५० चौरस मीटर जागा धरतात. म्हणजे आपले दोन ते अडीच गुंठे. तेही वाफा एक दिवस रिकामा ठेवायचा नाही या अटीवर : पावसाळ्यात दोडका, घोसाळी, कारली, काकडी, भेंडी, गवार, थंडीत मेथी, पालक, मुळा, गाजर, वांगी, टोमॅटो, वाल, घेवडा, उन्हाळ्यात माठ, राजगिरा, चवळी आणि दारचा शेवगा. खरी कसोटी एप्रिल ते जूनची. तेव्हा आपल्या आज्या-सासवा वाळवणावर घर काढायच्या. गवारीच्या नि भेंडीच्या वाळवलेल्या चकत्या, वाळलेली मेथी, सांडगे, माळ्यावरचा भोपळा, टांगलेला लसूण. 'वर्षभर' या शब्दात हे सगळं काम येतं. पत्रकात ते येत नाही.

आता पाणी. उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला दर चौरस मीटरला दिवसाचं चार-पाच लिटर पाणी लागतं. पायवाटा सोडून लागवडीखालचे २०० चौरस मीटर धरले तर दिवसाला आठशे ते हजार लिटर. पंधरा लिटरच्या हंड्यानं मोजा : पन्नास-साठ हंडे. जल जीवन मिशनचा निकष आहे माणशी ५५ लिटर, म्हणजे पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. बागेला त्याच्या तिप्पट पाणी हवं. आच्छादन घातलं, ठिबक बसवलं तर गरज बरीच खाली येते, पण ठिबकलाही टाकीत पाणी लागतंच. मोरीच्या सांडपाण्यावर अळू, केळ, पपई आणि एखादा शेवगा जगतो. अख्खं घर त्यावर जेवत नाही.

आणि वेळ. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. जे पुरुष हातच लावत नाहीत, ते या सरासरीत धरलेलेही नाहीत. या २८९ मिनिटांवर निंदणी, पाणी, खत, किडीची राखण, तोडणी, वाळवण आणि पुढच्या हंगामाचं बी धरणं, हे सगळं चढवायचं आहे. आणि हे कुणाच्या हिशोबात 'काम' म्हणून लिहिलं जात नाही. तो बाईचा 'छंद' असतो, किंवा 'आवड'.

कुरुळीत वाफा कुठे गेला?

पुणे-नाशिक महामार्गानं मोशी ओलांडून इंद्रायणीचा पूल पार केला की चिंबळी लागते, मग कुरुळी, मग चाकण. खेड तालुक्याचा हा भाग कांद्याचा. चाकणचा कांद्याचा बाजार अजूनही नाव राखून आहे. कांदा, बटाटा, बाजरी ही पुरुषाच्या हिशोबातली पिकं. पण त्याच शेतात बाईचीही एक शेती असायची. पाटाच्या कडेनं मुळा आणि कोथिंबीर, कांद्याच्या वाफ्याच्या वरंब्यावर मेथी, बांधावर तूर आणि अंबाडी, विहिरीजवळ मिरचीची वीस रोपं, कुंपणावर घोसाळी आणि वाल, गोठ्यामागं भोपळ्याचा वेल. आपोआप उगवणारा तांदुळजा, घोळ, पाथरी वेगळीच. या शेतीचा सातबाऱ्यावर पीकपेरा कधी लागला नाही. तिची पट्टी कधी आली नाही. पण घराचं कालवण तिच्यावर चालायचं.

नव्वदच्या दशकापासून या पट्ट्यात कारखाने येत गेले. २००९ साली चाकणजवळ फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले आणि मग वेग वाढला. जमिनी एमआयडीसीसाठी संपादित झाल्या, गोदामांना गेल्या, प्लॉट पाडून विकल्या गेल्या. मोबदला शेतीच्या पिकाला मिळाला, विहिरीला मिळाला, मोजलेल्या झाडांना मिळाला. पाटाच्या कडेच्या त्या मुळ्याला आणि कुंपणावरच्या वालाला कोण मोबदला देणार? जे कागदावर नव्हतंच ते गेलं असं कुणी म्हणालंही नाही. बाईचं शेत गेलं ते पंचनाम्याशिवाय गेलं.

आज कुरुळीसारख्या गावात दोन प्रकारच्या बाया राहतात आणि दोघींनाही बियांची पाकिटं मिळतात. एक घरमालकीण, दुसरी भाडेकरीण.

घरमालकिणीच्या घरामागं जी मोकळी जागा उरली होती तिथं खोल्या बांधल्या गेल्या. अडीच गुंठे म्हणजे सव्वासत्तावीसशे चौरस फूट. त्यात दहा बाय दहाच्या किती खोल्या बसतात आणि महिन्याला किती भाडं येतं, हा हिशोब घरातल्या पुरुषाला तोंडपाठ असतो. 'तिथं भाजी लावतेस? वेड लागलंय का?' हे वाक्य गटाच्या बैठकांत मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते कुणा एकाच्या नवऱ्याचं राहिलेलं नाही. पण त्या हिशोबात एक ओळ गाळलेली असते. भाडं कुणाच्या हातात येतं? वाफ्यातली भाजी बाईच्या हातातून थेट पातेल्यात जायची. भाड्याचे पैसे त्याच्या खिशात येतात, आणि भाजीसाठी तिला ते मागावे लागतात. घराचं उत्पन्न वाढलं असेल, तिची सत्ता घटली. जमिनीचा भाव मोजणाऱ्यांनी ही घटही मोजावी.

भाडेकरीण मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून किंवा थेट बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली. नवरा कंत्राटी कामगार, ती स्वतःही कधी पॅकिंगला, कधी घरकामाला. तिच्या दाराबाहेर तीन फुटांचा बोळ, त्यात सायकल, पाण्याचा ड्रम आणि गटार. ती गावाकडे शेतात राबलेली असते, वाफा कसा धरायचा हे तिला पत्रकापेक्षा चांगलं कळतं. पण अकरा महिन्यांच्या करारात पेरू लागत नाही. पपईला फळ धरायला नऊ-दहा महिने, पेरूला दोन-तीन वर्षं, सीताफळाला तीन-चार. फळझाड लावायचं म्हणजे पुढची काही वर्षं मी इथं आहे याची खात्री हवी. ती तिला कोण देतं?

या दोघींनाही आणखी एक प्रश्न विचारायला हवा : उरल्यासुरल्या मातीत आणि पाण्यात आहे काय? आळंदीजवळ इंद्रायणीवर येणारा फेस आपण वर्षानुवर्षं पाहतो आहोत. कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याच्या शेजारी भाजी पिकवा असं सांगणाऱ्यानं आधी तिथली माती आणि विहिरीचं पाणी तपासून द्यावं. तो खर्च बचत गटाचा नव्हे.

सातबाऱ्यावर कोण?

'हक्क आहेत की कायद्यानं,' असं आपल्याला सांगितलं जातं. आहेत. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीनं हक्क दिला, केंद्राचा कायदा २००५ साली आला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं आहे, वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. पण याच पट्ट्यात जमिनीचा भाव वाढला तसं लेकींना माहेरी बोलावणंही वाढलं. कशासाठी? हक्कसोडपत्रावर सही करायला. साडी, जेवण, आणि रजिस्ट्रार कचेरी. जी सही करत नाही तिचं माहेर तुटतं. जी करते तिचा वाफाही जातो आणि मोबदलाही.

सुनेची गोष्ट आणखी वेगळी. नवऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीत त्याच्या हयातीत तिला स्वतःचा असा जन्मसिद्ध हक्क नाही. १९९२ सालच्या लक्ष्मी मुक्ती योजनेनं नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. पण अर्ज त्यानं करायचा. म्हणजे मनावर घ्यायचं ते त्यानं! मग 'नवऱ्यानं मनावर घेतलं तर' असं पत्रक का नाही छापत कुणी? टोपली घेतलेल्या हसऱ्या बाईऐवजी तलाठ्याकडे अर्ज घेऊन गेलेल्या हसऱ्या नवऱ्याचं चित्र काढा की.

आपल्यातल्या शंका

आपल्या चळवळीतल्या काही मैत्रिणींना परसबाग हा विषयच नकोसा वाटतो. चूल आणि मूल यात आता वाफाही घालायचा का, असं त्या विचारतात. शंका रास्त आहे. कुपोषण हटवण्याची जबाबदारी राज्यानं आपल्या अंगावरून झटकून बाईच्या ओटीत टाकावी, आणि आपण त्याला सक्षमीकरण म्हणावं, हे मलाही मान्य नाही. पण म्हणून वाफा सोडून देणं हे उत्तर नव्हे. अन्न पिकवणं हे बाईला कमीपणा आणणारं काम नाही. कमीपणा आहे तो मालकीशिवाय, मोबदल्याशिवाय आणि सोबतीशिवाय राबण्यात. शेतमजुरीचे दर वाढवून मागताना आपण 'शेतमजुरी नको' असं म्हणालो नव्हतो.

दुसरी शंका : विकत का घेऊ नये? याच महामार्गावर पुढं नारायणगावला टोमॅटोचा एवढा मोठा बाजार आहे. आहे खरा. त्याच्या इतक्या जवळ राहूनही २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरीपार गेला तेव्हा आपण तो चिरायचं सोडलं. काही महिन्यांपूर्वी तोच शेतकऱ्याला मातीमोल भावानं द्यावा लागला होता. बाजार घराच्या जवळ असला म्हणून ताटाच्या जवळ येत नाही.

तिसरी शंका गच्चीवाल्यांची : कुंड्यांत लावा. जरूर लावा. कोथिंबीर, पुदिना, चार मिरच्या मिळतील, मनालाही बरं वाटेल. पण बारा इंची कुंडीचा हिशोब केला तर २०० चौरस मीटर लागवडीला अडीच हजारांहून जास्त कुंड्या लागतात. पत्र्याच्या छपरावर त्या कुठं ठेवायच्या तेही सांगा.

हे झालेलं आहे, होऊ शकतं

आपण अशक्य काही मागत नाही. आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या नायगावला, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा की पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणसांच्या मापानं वाटायचं. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ऊस लावायचा नाही. आणि ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. पाण्याचा हक्क सातबाऱ्यापासून सोडवता येतो, हे पन्नास वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यानं दाखवलं.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. हजारो शेतकरी बाया आल्या. पुढं त्यातूनच लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी बायकांच्या नावावर जमिनी केल्या. त्यात उपकाराचा सूर होता, पुरुषांच्या चांगुलपणावर भिस्त होती, ही टीका मी मान्य करते. तरी गाव म्हणून एकत्र बसून सातबारा बदलता येतो हे त्यांनी सिद्ध केलं.

मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कामातून बायांनी घरच्यांशी बोलून, भांडून अर्धा-एक एकर आपल्या निर्णयाखाली घेतला आणि त्यावर नगदी पिकाऐवजी भाज्या, डाळी, धान्य घेतलं. या कामाला २०१६ साली इक्वेटर पुरस्कार मिळाला. लक्षात घ्या, तिथं सुरुवात बियांपासून झाली नाही. 'हा तुकडा माझा, यात काय पेरायचं ते मी ठरवीन' इथून झाली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी गावठी वाल-घेवड्याचं, भाज्यांचं बी राखलं. त्यांच्याकडून शिकायचं ते हे की, दर जूनला पाकिटाची वाट पाहणारी बाई परावलंबीच राहते, बी धरणारी राहत नाही.

आणि कारखान्यांच्या गावातल्या भाडेकरणीचं काय? इंग्लंडच्या कारखानदारी शहरांतही कामगार असेच खुराड्यांत राहत. तिथं १९०८ च्या कायद्यानं स्थानिक संस्थांवर जबाबदारी टाकली की, लोकांची मागणी असेल तर त्यांना भाजीपाल्यासाठी माफक भाड्यानं जमिनीचे तुकडे द्यायचे. सहा रहिवाशांनी लेखी मागणी केली तरी तिची दखल घ्यावी लागते. त्या तुकड्याचं रूढ माप किती? साधारण अडीचशे चौरस मीटर. बरोबर आपले अडीच गुंठे! तिथल्या कामगाराला कुणी बियांचं पाकीट देऊन मनावर घ्यायला सांगितलं नाही. आधी जमीन दिली.

तर आपल्या मागण्या

१. घरची जमीन विकताना, प्लॉट पाडताना किंवा संपादनात जाताना किमान अडीच गुंठे घरातल्या बाईच्या नावावर बाजूला काढले जावेत. जिथं जमीन उरलेलीच नाही, तिथं मोबदल्याच्या रकमेत तिचा वाटा तिच्या स्वतःच्या खात्यावर यावा. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी प्रत्येक मुलीला वकिलाचा सल्ला मिळेल अशी सोय तालुक्याला असावी, आणि ती आपल्या गटांनी चालवावी.

२. ग्रामपंचायतीनं आणि एमआयडीसीनं आपल्या ताब्यातल्या मोकळ्या जागांपैकी काही भाग भाडेकरू आणि भूमिहीन बायांच्या गटांना निदान पाच वर्षांच्या लेखी कराराने द्यावा. पेरू लागेल इतकी मुदत हवी.

३. नळयोजनेचा आराखडा करताना परसबागेचं पाणी वेगळं धरावं. शुद्ध केलेलं सांडपाणी झाडांसाठी मिळावं, आणि माती-पाण्याच्या तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावा.

४. कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या नफ्याच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. या पट्ट्यात तो पैसा पाकिटांवर आणि फोटोंवर न जाता कुंपण, टाकी, ठिबक आणि माती तपासणीवर जावा.

५. आणि घरात : पाणी पुरुषांनी द्यायचं, खड्डे पुरुषांनी खणायचे, निवडणं-चिरणं वाटून घ्यायचं. ही मागणी कुठल्याही कचेरीत द्यायची नाही. ती आज संध्याकाळी घरी करायची.

महाराष्ट्रात पंचायतींमधल्या निम्म्या जागा २०११ पासून बायकांच्या आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, ती कागदावर उरकू देऊ नका. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी प्रत्येक गटानं आपल्या गावात तीन आकडे काढावेत : किती घरांना अडीच गुंठे मोकळी जागा आहे, त्यातली किती बायकांच्या नावावर आहे, आणि गेल्या दहा वर्षांत गावातल्या किती मुलींनी हक्कसोडपत्रावर सही केली. हे आकडे महिला सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या, आणि आमच्याकडेही पाठवा. पुढच्या अंकात ते गाववार छापू.

तोवर पाकीट आलं तर घ्या, बी पेरा, ते वाया घालवू नका. पण फोटोसाठी उभं राहण्याआधी पाकीट देणाऱ्याला एवढं विचारा, 'साहेब, हे पेरायचं कुठं?' आणि त्याचं उत्तर लिहून मागा.